आधी हवेचा हिशेब
धातूच्या ग्रिटचं ब्लास्टिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरला की हिवरे बाजारात एक हिशेब मांडला जातो. पर्जन्यमापकात किती पाऊस नोंदला, विहिरींची पातळी कुठे आहे, माणसांना आणि जनावरांना किती पाणी लागेल, आणि उरलेल्यावर कोणतं पीक किती घ्यायचं, हे ग्रामसभेत ठरतं. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात गावाने पाणलोटाची कामं उभी केली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली आणि उसाला नाही म्हटलं. पाण्याच्या ताळेबंदासाठी हे गाव आज देशभर ओळखलं जातं.

याच नगर तालुक्यातल्या नागापूरच्या किंवा शेजारच्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत ब्लास्टिंगचं यंत्र घ्यायला निघालेल्या कारखानदाराला नेमकी हीच सवय हवी. त्याच्यासाठी पाण्याच्या जागी दाबाखालची हवा असते. ती किती लागेल आणि किती मिळेल हे न मोजता यंत्र घेतलं, की पुढची सगळी वर्षं यंत्राला, ग्रिटला आणि चालवणाऱ्या पोराला दोष देण्यात जातात.

ब्लास्टिंग म्हणजे ग्रिटसारख्या कठीण कणांचा वेगवान मारा करून धातूचा पृष्ठभाग स्वच्छ आणि खरखरीत करणं. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमनने १८७० मध्ये वाळूच्या माऱ्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून लोकांच्या तोंडी ‘सँडब्लास्टिंग’ हाच शब्द बसला, आणि पहिला गैरसमज त्या शब्दातच आहे.

“नदीची वाळू आहे की, ग्रिटचा खर्च कशाला?”

वाळूचा कण एकदा आपटला की फुटतो आणि त्याचा सिलिकायुक्त धुरळा हवेत जातो. तो बारीक धुरळा फुप्फुसात बसला की सिलिकोसिस होतो, आणि या रोगाने झालेली हानी भरून येत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतलं वाळूचं ब्लास्टिंग थांबवलं. भारतातही १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला रोग ठरवला, आणि त्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत वाळू, धातूचे छर्रे किंवा ग्रिट यांच्या माऱ्याने केलेली सफाई धोकादायक कामांत धरली गेली. वाळूची स्वस्ताई इथेच संपते.

पोलादी ग्रिट महाग वाटतं ते पोत्यावरची किंमत पाहून. तांब्याच्या स्लॅगचा कण बहुधा एकदाच वापरता येतो, तर चांगलं पोलादी ग्रिट गोळा करून, चाळून पुन्हा पुन्हा मारता येतं. पन्नास फेऱ्या ते सहज काढतं, काम हलकं असेल तर त्याहून कितीतरी जास्त. अट एकच, ते परत गोळा झालं पाहिजे. बंदिस्त खोली, खाली जाळी, परत आणणारी यंत्रणा आणि धूळ वेगळी काढणारा विभाजक नसेल, तर ग्रिट अंगणातल्या मातीत मिसळून जाईल. उघड्यावरच्या कामाला म्हणून पोलादी ग्रिट सहसा घेऊ नये.

“कॉम्प्रेसरचा काटा आठवर आहे, मग काम का होत नाही?”

सगळ्यात जास्त पैसा या गैरसमजात बुडतो. काटा दाखवतो तो दाब. काम करते ती हवा, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा त्या दाबाने सतत मिळते ती. कारागीर तिला ‘सीएफएम’ म्हणतात. पंक्चरच्या दुकानातला तीन-पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसरही आठ बारचा दाब दाखवतो, पण नोझल उघडलं की काही सेकंदांत टाकी रिकामी होते.

सात बार, म्हणजे सुमारे १०० पीएसआय दाबाला पाव इंची नोझल मिनिटाला साधारण ८१ घनफूट हवा पितं. ५/१६ इंची, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटरचं नोझल १३७ घनफूट पितं, ३/८ इंची १९६, आणि अर्धा इंची नोझल ३३८. छिद्र दुप्पट झालं की हवा चौपट लागते. ८ मिलिमीटरच्या नोझलसाठीच ३५ ते ४० अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर लागतो. हेल्मेटमधल्या श्वासाची हवा आणि नोझल झिजल्यावर लागणारी जादा हवा त्याशिवाय धरायची.

त्यामुळे खरेदी उलट्या दिशेने करावी लागते. दिवसाला किती चौरस मीटर साफ करायचे ते आधी ठरवायचं. त्यावरून नोझल, नोझलवरून हवा, हवेवरून कॉम्प्रेसर, आणि शेवटी पॉट, म्हणजे ग्रिट भरायची दाबाखालची टाकी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पॉट आधी येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि त्याची किंमत विचारता येते.

वाटेतही दाब गळतो. ग्रिटचा होज आतून नोझलच्या छिद्राच्या निदान तीन-चार पट रुंद हवा. अरुंद होज, गरजेपेक्षा जास्त लांबी, वेटोळ्यात पडलेला पाइप आणि बारीक कपलिंग हे सगळं दाब खातं. म्हणून कॉम्प्रेसरवरचा आकडा पाहून समाधान मानू नये. सुई लावलेला छोटा गेज मिळतो. ग्रिट वाहत असताना तो नोझलच्या जरा मागे होजमध्ये टोचायचा आणि तिथला दाब वाचायचा. नोझलपाशी एक पीएसआय कमी झाला की कामाचा वेग साधारण दीड टक्क्याने घटतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. १०० च्या जागी ८० मिळाले, तर जवळजवळ एक तृतीयांश काम गेलं. मजुरी आणि वीज मात्र पुरी लागते.

सक्शन गनचंही इथेच सांगायला हवं. ती स्वस्त असते, लहान कॅबिनेटमध्ये हलक्या कामाला ठीकही असते. पण पोलादाचा कण तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा जवळजवळ तिप्पट जड असतो. तो नुसत्या ओढीने उचलून वेगाने फेकणं तिला जड जातं. धातूच्या ग्रिटला प्रेशर पॉटच हवा.

“नोझल अजून चालतंय, बदलायचं कशाला?”

८ मिलिमीटरचं नोझल झिजून साडेनऊ झालं, तर हवेची भूक १३७ वरून १९६ वर जाते, म्हणजे ४३ टक्के जास्त. कॉम्प्रेसर तेवढी देऊ शकत नाही, दाब पडतो, काम रेंगाळतं. छिद्र मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटरने वाढलं की नोझल बदलायचं, हा सर्वमान्य नियम आहे. टंगस्टन कार्बाइडचं नोझल पोलादी ग्रिटवर काहीशे तास टिकतं, बोरॉन कार्बाइडचं त्याहून बरंच जास्त. सिरॅमिकचं स्वस्त असतं, पण लवकर संपतं. महागडं बोरॉनचं नोझल जमिनीवर आपटू मात्र नये, ते ठिसूळ असतं.

“मोठा नंबर म्हणजे जाड ग्रिट”

अर्धं खरं आणि म्हणून जास्त घातक. गोल छर्ऱ्यांचा, म्हणजे शॉटचा नंबर वाढतो तसा छर्रा मोठा होतो. एस-२३० चा छर्रा जेमतेम ०.६ मिलिमीटरचा, तर एस-३३० चा ०.८ च्या वर. कोनदार ग्रिटचं उलटं आहे. तिथे आकडा चाळणीचा असतो, त्यामुळे नंबर वाढला की दाणा बारीक. जी-२५ चा दाणा सुमारे ०.७ मिलिमीटर, जी-४० चा ०.४, जी-८० चा त्याच्या निम्म्याहून कमी. फोनवर नुसता ‘चाळीस नंबर’ सांगू नये.

जाड दाणा जास्त साफ करतो हेही तितकंच फसवं. व्यास निम्मा केला तर किलोमागे दाण्यांची संख्या आठपट होते, म्हणजे पृष्ठभागावर आठपट ठोके बसतात. जाड दाणा खोल खड्डे पाडतो. ते खड्डे भरायला रंग जास्त जातो, आणि खड्ड्यांची टोकं रंगाच्या थरातून वर राहिली तर गंज तिथूनच सुरू होतो. बंधाऱ्याच्या लोखंडी दरवाजांसारख्या सतत पाण्यात राहणाऱ्या कामाला ‘एसए अडीच’ दर्जाची सफाई आणि साधारण ५० ते ७५ मायक्रॉनचा खरखरीतपणा मागितला जातो. नव्या पत्र्यावरची निळसर-काळी खपली वायर ब्रशने निघत नाही, नुसती चकाकते. तिच्यावर रेड ऑक्साइड मारला की दिसायला काम छान दिसतं. पुढे खपली सुटते आणि रंगही घेऊन जाते.

स्टेनलेस स्टीलवर साधं पोलादी ग्रिट मारू नये. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि न गंजणारी वस्तू गंजू लागते.

“जुनं ग्रिट टाका, नवं भरा”

पॉटमध्ये सगळं ग्रिट एका वेळी नवं असणं चांगलं नाही. जाड दाणा गंज फोडतो, वापरून लहान झालेला दाणा फटींत शिरून उरलेलं साफ करतो. अशी मिसळ तयार व्हायला वेळ लागतो. ती राखायची तर रोज जेवढं खपलं तेवढंच नवं घालायचं आणि पीठ झालेलं विभाजकाने बाहेर काढायचं. महिन्यातून एकदाही सगळं ओतून नवं भरलं, तर पहिले कित्येक दिवस पृष्ठभाग बिघडलेला मिळतो.

पावसाळ्यात तर ग्रिटचाच गंज होतो. दाबलेली हवा थंड झाली की पाणी सोडते, आणि एका रात्रीत पॉटमधल्या ग्रिटचा गोळा बनतो. कॉम्प्रेसरनंतर आफ्टरकूलर आणि पाणी वेगळं करणारा सापळा हवा, आणि सुट्टीच्या आधी पॉट रिकामा करायला हवा. हवा कोरडी आहे का, हे पाहायला पांढरा कपडा पुरतो. ग्रिट बंद करून नुसती हवा मिनिटभर त्यावर सोडायची. पाण्याचा किंवा तेलाचा डाग पडला, तर काम थांबवायचं. साफ केलेल्या लोखंडाचं तापमानही दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी वर हवं, नाहीतर रंगाआधीच तांबूस झाक येते.

“धातूचं ग्रिट आहे, सिलिकोसिसची भीती नाही”

या समजाचं खरं उत्तर कोल्हापुरात शोधावं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये ओतीव भाग शॉट ब्लास्टिंग यंत्रात साफ होतात. तिथे हवेऐवजी वेगाने फिरणारं चाक छर्रे फेकतं. रोजच्या एकसारख्या मोठ्या कामाला ही पद्धत विजेच्या हिशेबात पॉटपेक्षा फार पुढे आहे. पण ओतीव भाग साच्यातून येतो तो वाळू घेऊनच. छर्रे पोलादाचे असले, तरी उडणारी धूळ त्या वाळूची, सिलिकाचीच असते. जुन्या पुलाचा रंग काढताना त्यात शिसं असू शकतं. म्हणजे धोका वस्तूवर काय चिकटलंय त्यावरही ठरतो, आणि ग्रिट बदलल्याने धूळशोषक यंत्रणेची गरज संपत नाही.

तीच वाळू यंत्रालाही खाते. छर्ऱ्यांत एकदोन टक्के वाळू परतली, तरी चाकाची पाती भराभर झिजतात. हवेच्या झोताने वाळू उडवणाऱ्या विभाजकात छर्ऱ्यांचा पडदा सगळीकडून सलग पडतोय का, हे रोज पाहिलं पाहिजे. चाकाच्या मोटरवरचा अँमीटरही बोलका असतो. काटा नेहमीपेक्षा खाली आला, तर चाकाला छर्रे पुरत नाहीत. पाती बदलताना समोरासमोरची जोडी सारख्या वजनाची बसवावी, नाहीतर चाक थरथरतं आणि बेअरिंग जातं.

राहिला माणूस. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क ब्लास्टिंगच्या खोलीत कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं हेल्मेटच हवं. त्या हवेच्या वाटेवर नुसता फिल्टर लावून भागत नाही, कारण तापलेल्या तेलाच्या कॉम्प्रेसरमधून आलेला कार्बन मोनॉक्साइड साध्या फिल्टरमधून तसाच पार होतो. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो, आणि कॉम्प्रेसरचं हवा घेणारं तोंड डिझेल इंजिनाच्या धुरापासून दूर ठेवावं लागतं. हात सुटताच मारा थांबवणारी मूठ, जिला कारागीर ‘डेडमन’ म्हणतात, ती तारेने बांधून ठेवलेली दिसली, तर त्याच क्षणी काम बंद करावं. सुटलेला होज माणसाला जबर जखमी करतो.

नगर, सुपे, शिरोली, कुठल्याही कारखानदाराने यंत्राचं कोटेशन मागवताना दोन ओळी वाढवून घ्याव्यात. एक, सात बारला नोझलपाशी प्रत्यक्ष किती हवा मिळेल याचा लेखी आकडा. दुसरी, हेल्मेट, श्वासाच्या हवेचा फिल्टर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यांची किंमत, यंत्राच्या किमतीतच धरलेली. आणि ब्लास्टिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या फुप्फुसांची तपासणी कामावर घेताना आणि पुढे ठरावीक मुदतीने करून घ्यावी, त्याचे कागद त्याच्या हाती द्यावेत.