सुयांची शाळा – लेखांक ७ : मोजा पायापेक्षा लहानच हवा

मागच्या लेखांकात आपण नमुन्याचा चौकोन विणला, धुऊन वाळवला आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजलं. आज त्या आकड्यावरून मोजा पायाला नेमका कसा बसवायचा ते पाहू.

तेलंगणात थंडीची लाट आली की आदिलाबादचा पारा एक आकड्यावर उतरतो. त्याच जिल्ह्यातल्या तामसीच्या शिवारात हेच कापूसवेचणीचे दिवस. पहाटे गार ढेकळांतून चालणाऱ्या पायाला उबदार मोजा हवा, पण तो टाचेखाली गोळा होत असेल तर उबेपेक्षा त्रासच जास्त. चुणी पडते तिथे कातडी घासते आणि फोड येतो. म्हणून मोजा नीट बसणं ही हौसेची नाही, गरजेची गोष्ट आहे.

माप घेताना बसू नका, उभे राहा. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं आणि मोजा त्याच पावलावर चढायचा असतो. तीन मापं घ्या. पहिलं, बोटांच्या मुळाशी चवड्याचा घेर. दुसरं, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी. हे बोट अंगठाच असेल असं नाही. तिसरं माप बहुतेक जण विसरतात : घोट्यासमोरच्या वाकापासून टाचेच्या टोकावरून जाणारा तिरका घेर. मोज्याचं तोंड इथूनच पार व्हायचं असतं, म्हणून टाके सैल घाला. हवं तर तेवढ्यापुरती एक नंबर जाड सुई घ्या.

आता हिशेब. चवड्याचा घेर २२ सेंटिमीटर आहे आणि नमुन्यात १० सेंटिमीटरला ३० टाके बसतात, असं धरू. सरळ गुणाकार केला तर ६६ टाके येतात आणि मोजा ढगळ होतो. विणीला स्वतःची ताण असते. ती थोडी ताणलेली राहिली तरच पायाला धरून बसते. म्हणून लोकरीसाठी घेर सुमारे १० टक्के कमी धरा : २० सेंटिमीटर, म्हणजे ६० टाके. चार सुयांवर सारखे वाटायला ४ ने भाग जाणारा आकडा सोयीचा.

सुती दोऱ्याचं गणित वेगळं. लोकरीच्या तंतूला मुळातच लाटा असतात, त्यामुळे ती ताणली तरी मागे येते. कापसाच्या तंतूला तशी उसळी नसते. तिथे ५ टक्केच कमी करा; त्याच नमुन्याला, ४ ने भाग जाणारा जवळचा आकडा धरून, ६४ टाके येतील. ते नुसते सुलट विणले तर दुपारपर्यंत मोजा घसरेल. म्हणून पोटरीपासून पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत दोन सुलट, दोन उलट अशी वीण चालू ठेवा. दोऱ्यात नसलेली ताण ही वीण देते. तळवा मात्र सुलटच ठेवा, पायाखाली उंचवटे टोचणार नाहीत.

टाचेसाठी निम्मे टाके घ्या. ६० टाक्यांच्या मोज्याला ३० टाक्यांवर ३० ओळी विणायच्या, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा. पावलाची कमान उंच असेल तर मोजा वाकापाशी आवळतो. अशा पायाला ३४ ते ३६ ओळी विणा. कडेला दोन-तीन टाके जास्त उचलता येतात आणि तेवढी जागा मोकळी होते.

लांबी पावलापेक्षा सुमारे १ सेंटिमीटर कमी ठेवा. पाऊल २४ असेल तर मोजा २३. त्यातले शेवटचे ५ सेंटिमीटर बोटांच्या उताराचे. म्हणजे टाचेपासून १८ झाले की एकाआड एक फेरीत ४ टाके कमी करायला लागा आणि २० उरले की शिवून टाका.

मोजा पूर्ण होईपर्यंत थांबू नका. टाच वळली की टाके जाड धाग्यावर उतरवा, पायात घाला, चार पावलं चाला. चूक असेल तर तेव्हाच उसवा. दोन तासांचं काम उसवायला जीवावर येतं, पण न बसणारा मोजा पेटीतच पडून राहतो आणि मग सगळीच मेहनत वाया जाते.

पुढच्या आठवड्यात : अंगठ्याच्या चपलेत घालता येईल असा, अंगठा वेगळा असलेला मोजा. तोवर घरातल्या प्रत्येकाची तिन्ही मापं वहीत लिहून ठेवा.