ऐनवेळी पेटेल तीच खरी टॉर्च

ग्रामीण भागात आजही अनेक जण टॉर्चला ‘बॅटरी’च म्हणतात. स्वसंरक्षणासाठी टॉर्च घेताना हाच शब्द ध्यानात ठेवावा. रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका असो किंवा रात्रीच्या विजेवर शेताला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, दोघांचीही भिस्त शेवटी आतल्या सेलवरच असते.

आपल्या दृष्टिपटलात मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांतले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रकाशात विघटित होते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. अशा डोळ्यांवर अचानक प्रखर झोत पडला, की काही क्षण समोरचे धड दिसत नाही. टॉर्च देते ती एवढीच सवड. ती मागे सरण्यासाठी, ओरडण्यासाठी, वर्दळीच्या रस्त्याकडे धावण्यासाठी आणि ११२ क्रमांक लावण्यासाठी वापरायची. टॉर्च म्हणजे शस्त्र नव्हे. मण्यारीसारखा रात्री फिरणारा विषारी साप पाय पडण्याआधी दिसणे, हेही स्वसंरक्षणच.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. ल्युमेन म्हणजे बाहेर पडणारा एकूण प्रकाश, तर कँडेला म्हणजे झोताची तीव्रता. समोरच्याला दिपवायचे तर झोत एकवटलेला हवा. पायवाटेसाठी पसरट उजेड बरा. प्रचलित मानकानुसार झोताचा पल्ला मोजतात तो प्रकाश ०.२५ लक्स उरेपर्यंत, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. म्हणून ‘२०० मीटर’ लिहिले असले, तरी तेवढ्या अंतरावरचा चेहरा ओळखू येईल असे नाही. बटण एकदा दाबताच पूर्ण उजेड पडावा आणि अंधारातही ते बोटाला सापडावे. पावसाळ्यासाठी निदान ‘आयपीएक्स ४’ दर्जा पाहा. अशी टॉर्च पाण्याच्या शिंतोड्यांना दाद देत नाही.

आता सेल. १.५ व्होल्टचे अल्कलाइन सेल कुठल्याही दुकानात मिळतात आणि न वापरता वर्षानुवर्षे टिकतात; पण टॉर्चमध्येच पडून राहिले तर गळून आतले संपर्कबिंदू खराब करू शकतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. रोजच्या वापराला ‘१८६५०’ आकाराचा लिथियम-आयन सेल चांगला. त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. अशा सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्यावर ‘९,९००’ छापले असेल, तर तो घेऊ नका. संरक्षक सर्किट असलेला सेल घ्या आणि त्याच्यासाठीचाच चार्जर वापरा. सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात ठेवला, तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. फुगलेला किंवा चेपलेला सेल वापरातून बाद करा.

मोबाइलच्या उजेडावर विसंबणेही धोक्याचे. त्याचा प्रकाश जवळच पसरतो आणि मदतीच्या फोनसाठी लागणारे चार्जिंग त्यातच खर्च होते.

विजेचे बिल येईल त्या दिवशी टॉर्च पाच मिनिटे लावून पाहावी. उजेड पिवळट किंवा मंद वाटला, तर सेल त्याच दिवशी बदलावेत किंवा चार्ज करावेत.