अनुदान देणारे नेमके काय तपासतात?

कौटुंबिक प्रतिष्ठान म्हणजे एखाद्या घराण्याच्या संपत्तीतून उभा राहिलेला आणि विश्वस्तांमार्फत चालणारा धर्मादाय न्यास. १९३२ साली मुंबईत स्थापन झालेला सर दोराबजी टाटा ट्रस्ट हे त्याचे जुने आणि ठळक उदाहरण.

अशा न्यासांकडे अर्ज करताना अनेक संस्था प्रशासकीय खर्च (कार्यालयीन पगार, भाडे, हिशेबनिशी यांवरचा खर्च) शक्य तितका कमी दाखवतात. कमी खर्च म्हणजे चांगली संस्था, हा समज त्यामागे असतो. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, त्यानेही तो बळावला असावा. पण ती कायद्याची मर्यादा आहे, गुणवत्तेचे माप नव्हे. खानावळीचा हिशेब आचाऱ्याचा पगार आणि गॅस वगळून मांडला, तर थाळी स्वस्त दिसेल. खानावळ मात्र फार दिवस चालणार नाही.

जाणता परीक्षक आधी नोंदणी आणि लेखापरीक्षित ताळेबंद पाहतो. खरी पारख पुढे होते. विश्वस्त मंडळात एकाच घरातली माणसे आहेत का? एक देणगीदार थांबला तर काम थांबेल का? मग तो गावात जाऊन लाभार्थींशी बोलतो, आणि माझ्या मते कागदांपेक्षा ही भेट जास्त सांगते. शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला तो किती मुले दाखल झाली एवढेच विचारत नाही. वर्षभराने किती टिकली, हेही विचारतो.

म्हणून अर्जात हिशेबनिसाचा पगार लपवू नका. तो का लागतो, ते लिहा.