चंदेरी की गुलाबी? टोकियोहून बोर्ड पाठवताना

टोकियोत एक हिवाळा काढला असेल, तर 'सेइदेन्की' हा शब्द तुम्हाला कोणी शिकवावा लागला नसेल. स्वेटर काढताना केस तडतडतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की बोटाला चटका बसतो. सेल्फ-सर्व्हिस पेट्रोल पंपावर (जपानात हे १९९८ साली सुरू झाले) नळी उचलण्याआधी एका छोट्या पट्टीला हात लावायला सांगतात, तेही याच स्थितिक विजेसाठी. सायबेरियाकडून येणारे वारे आपलं बाष्प जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्फाच्या रूपाने टाकतात आणि डोंगर ओलांडून टोकियोकडे येतात ते कोरडे होऊन. त्यात घरात हीटर. मुंबईच्या दमट हवेत जो भार गुपचूप निसटून जातो, तो इथे अंगावर साचत राहतो. गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर दमट हवेत दीड हजार व्होल्ट, तर अगदी कोरड्या हवेत ३५ हजार व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, असं अभियंत्यांच्या हस्तपुस्तिका सांगतात.

आपल्याला चटका जाणवायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. काही चिप मात्र १०० व्होल्टच्या आतच दगावतात. आजच्या ट्रान्झिस्टरमधला विद्युतरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि एक नॅनोमीटर फोडायला ढोबळमानाने एक व्होल्ट पुरतो. चिपच्या पायांशी संरक्षक मंडल असतं म्हणून ती तगते, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणजे तुम्हाला काहीही न जाणवता बोर्ड बिघडू शकतो. चिप जागीच मेली तर निदान कळतं तरी. अर्धवट जखमी झालेला बोर्ड तुमच्या टेबलावर नीट चालतो, पुण्याला पोचल्यावरही चालतो आणि काही महिन्यांनी बंद पडतो. तेव्हा कुणालाच कारण सापडत नाही.

अकिहाबारातून सुटे भाग आणून गावी भावाला किंवा कॉलेजातल्या एखाद्या प्रकल्पाला पाठवणारे वाचक आपल्यात बरेच असतील, म्हणून आता पिशव्यांकडे वळू.

गुलाबी पिशवी सगळ्यात स्वस्त. तिच्या प्लास्टिकमध्ये साबणासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. तो हळूहळू पृष्ठभागावर येतो, हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि त्या पाण्याच्या अदृश्य थरातून भार पसरून जातो. यातली मेख लक्षात आली का? हवाच कोरडी असेल तर थर कुठून येणार? टोकियोच्या जानेवारीत, नेमकी गरज असते तेव्हाच, ही पिशवी कमकुवत पडते. शिवाय ती स्वतः भार निर्माण करत नाही, एवढाच तिचा गुण. बाहेरून ठिणगी पडली तर ती अडवत नाही. स्क्रू, केबल, प्लास्टिकचे खोके यांच्यासाठी ती ठीक आहे. उघड्या बोर्डाला एकटी पुरत नाही.

चंदेरी पिशवीत आत भार न साचू देणारं पॉलिथिन, बाहेर पॉलिएस्टर आणि धातूचा अतिशय पातळ थर असतो. बाहेर ठिणगी पडली की भार त्या धातूवरून पसरतो आणि आतला भाग सुरक्षित राहतो. शाळेत शिकलेला फॅरडेचा पिंजरा तो हाच. ही पिशवी धुरकट पण आरपार दिसणारी असते, आतल्या चिपवरची अक्षरं वाचता येतात. पिशवी चुरगळली की तो थर तडकतो, म्हणून चार वेळा वापरलेली पिशवी केवळ चमकते म्हणून विश्वासाची नाही.

काळा फोम तुम्ही पाहिला असेल, चिपचे पाय त्यात खोचलेले असतात. कार्बनमुळे तो वीजवाहक असतो, सगळे पाय एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्यात दाबाचा फरकच उरत नाही.

वीज वाहणारं प्लास्टिक म्हटलं की जपानात एक नाव निघणारच. १९६७ साली हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअॅसिटिलीन बनवताना उत्प्रेरक चुकून हजारपट पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा तयार झाला. पुढे अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्यासोबत त्यांनी त्यात आयोडीन मिसळलं, तेव्हा त्याची वाहकता कोटपटीने वाढली. तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पॉलिअॅसिटिलीन हवेत टिकत नाही, त्यामुळे त्याच्या पिशव्या झाल्या नाहीत. पण त्याच्या भाऊबंदांचे लेप फोटो फिल्मवर स्थितिक वीज टाळण्यासाठी वापरले गेले. हे लेप दमटपणावर अवलंबून नसतात, आणि गुलाबी पिशवीला नेमकं तेच जमत नाही.

आता बांधण्याचा क्रम. आधी धातूच्या जमिनीशी जोडलेल्या वस्तूला हात लावा, मग बोर्ड कडेने धरून थेट चंदेरी पिशवीत ठेवा. तोंड दुमडून चिकटपट्टी लावा. स्टेपल मारलीत तर थराला भोकं पडतात. बबल रॅप त्यावरून, बाहेरून. (जपानात त्याला सगळे 'पुचिपुचि' म्हणतात, खरं तर ते कावाकामी सांग्योचं नोंदणीकृत नाव आहे.) साधा बबल रॅप पिशवीच्या आत घातलात, तर भार निर्माण करणारी वस्तूच बोर्डाला चिकटवून ठेवल्यासारखं होतं.

पार्सल जून-जुलैत पोचणार असेल तर ओल हा दुसरा शत्रू. चंदेरी पिशवी ओल फारशी अडवत नाही. त्यासाठी जाड अॅल्युमिनियमची, आतलं न दिसणारी पिशवी मिळते; ती उष्णतेने बंद करतात आणि आत सिलिका जेल ठेवतात. घरातल्या नोरीच्या पाकिटातली पुडी मात्र वापरू नका. तीत बहुधा कळीचा चुना असतो. ओल शोषून तो फुगतो, आणि पुडी फुटली तर बोर्डावर क्षारीय भुकटी पसरेल.

बोर्डावर बटण-सेल असेल तर काळ्या वाहक फोमवर तो ठेवू नका, फोममधून सेल हळूहळू उतरत जातो. शक्य असेल तर सेल काढूनच ठेवा, आणि पाकिटावर मराठीत लिहा, की उघडणाऱ्याने आधी नळाला किंवा जमिनीशी जोडलेल्या दुसऱ्या कुठल्या धातूला हात लावावा. हल्ली बऱ्याच घरांत नळाचे पाइप प्लास्टिकचे असतात, तेव्हा तेवढं फोनवर विचारून घ्या.