प्रज्वलन भाग, जुन्या मोटारगाड्यांचे
पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात दाबलेले इंधन व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटविणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग. जुन्या गाड्यांत कॉइल, डिस्ट्रिब्युटर, त्यातील पॉइंट, कंडेन्सर व रोटर, उच्च दाबाच्या तारा आणि प्लग हे मुख्य भाग होत. गाडीचे उत्पादन बंद पडल्यावर मूळ बनावटीचे भाग दुर्मिळ व महाग होतात. तथापि यांपैकी पुष्कळसे भाग विशिष्ट गाडीपुरते बनविलेले नसतात; त्यांची मापे व विद्युत् गुणधर्म जुळल्यास स्वस्त पर्याय वापरता येतो.

मुंबईतील ठळक उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे आहे. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी या नावाने विकली गेली. तिचे उत्पादन सु. २००० मध्ये थांबले, परंतु टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. गाडी उभी राहिली की चालकाची त्या दिवसाची कमाई बुडे. त्यामुळे पर्यायी भागांची निकड मोठी होती. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात किंवा मानखुर्दच्या मंडाला भागातील भंगाराच्या गोदामांसारख्या ठिकाणी मिळणारा भाग तपासूनच घ्यावा लागतो.

कॉइल : १२ व्होल्टच्या यंत्रणेत स्वतंत्र रोधक नसल्यास प्राथमिक वेटोळ्याचा रोध सु. ३ ओहम असतो. रोधकासह वापरावयाची कॉइल सु. १.५ ओहमची असते. ती रोधकाशिवाय जोडल्यास विद्युत् प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. जुनी कॉइल गरम असतानाही तपासावी, कारण काही दोष तापल्यावरच प्रकट होतात.

कंडेन्सर व पॉइंट : कंडेन्सरची धारिता बहुधा ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते. तेवढ्याच धारितेचा दुसऱ्या गाडीचा कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर बसविला तरी चालतो. हे दोन्ही भाग झिजणारे व तुलनेने स्वस्त असल्याने जुने घेऊ नयेत. पॉइंटमधील अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून ती पुन्हा जुळवावी लागते.

प्लग : आट्यांचा व्यास, त्यांची लांबी, बैठक आणि उष्णता-श्रेणी या चारही बाबी जुळाव्या लागतात. लांब आट्यांचा प्लग दट्ट्यावर आदळू शकतो. फार उष्ण प्लगमुळे मिश्रण अवेळी पेटते, तर फार थंड प्लगवर काजळी साचते. बॉशच्या क्रमांकात मोठा अंक उष्ण, तर एनजीकेच्या क्रमांकात तो थंड प्लग दर्शवितो. त्यामुळे केवळ अंक पाहून निवड केल्यास फसगत होते.

डिस्ट्रिब्युटर जुना घेताना दांड्याची आडवी हालचाल व टोपीवरील तडे पाहावेत. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीसाठी अधिक दाब लागतो. त्यामुळे दुबळा भाग तेथे लवकर उघडा पडतो. ठिणगी चुकल्यास न जळलेले इंधन धुराड्यातून बाहेर पडून प्रदूषण व खर्च दोन्ही वाढतात. म्हणून प्रथम जोडण्या, प्लग व पॉइंट साफ करून अंतरे जुळवावीत आणि दोष उरल्यासच महागडा भाग बदलावा.