खानावळीची मोरी आणि तेलाचा हिशेब

तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेस येते आणि हजीरा येथे अरबी समुद्रास मिळते. त्याच वाटेने खानदेशातील कित्येक कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली. हजिऱ्यास आज पोलादाचे व रसायनांचे प्रचंड कारखाने उभे आहेत. कारखाना म्हटला की कॅन्टीन आले. आणि कॅन्टीन म्हटले की भाजीची तर्री, तळणाचे तेल व खरकट्या भांड्यांचे पाणीही आले. हे पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न मात्र जेवून उठणारा सहसा विचारीत नाही.

कढत पाण्याबरोबर तेल मोरीतून सुखाने निघून जाते. पुढे नळात ते निवते, थिजते आणि थरावर थर चढून वाट बंद करते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील भुयारी गटारात २०१७ साली असा सुमारे २५० मीटर लांब व १३० टन वजनाचा गठ्ठा सापडला होता. यावर उपाय म्हणजे ग्रीस ट्रॅप. खाद्यतेल पाण्याहून हलके असते. पाणी टाकीत संथ झाले की तेल वर तरंगते, गाळ तळाशी बसतो आणि मधले पाणी बाहेर पडते.

परंतु टाकी केवढी असावी? एक हजार जेवणांचे कॅन्टीन घ्या. ‘ईएन १८२५’ हे युरोपीय मानक कारखान्याच्या कॅन्टीनसाठी दर जेवणास ५ लिटर पाणी धरते. म्हणजे दिवसास ५,००० लिटर. काम ८ तास चालले, तर सरासरी सेकंदास अवघे ०.१७ लिटर पाणी येते. या सरासरीवर जो विसंबला, तो फसला! पंगत उठली की सारी भांडी एकदम धुतली जातात. म्हणून ते मानक सरासरीच्या २० पट लोट धरते. तो होतो सुमारे ३.५ लिटर. साबणाने तेलाचे थेंब फुटून पाण्यात मिसळतात, म्हणून त्यास १.३ ने गुणावे. पाणी ६० अंशांहून अधिक कढत असेल, तर पुन्हा १.३ ने गुणावे. उत्तर येते सुमारे ५.९. तयार मापांत ४ नंतर ७ येते. तेव्हा ७ चे माप घ्यावे. त्यास गाळासाठी निदान ७०० लिटर जागा आणि तेल वर येण्यासाठी १.७५ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. नुसती खोल विहीर खणून भागत नाही. थेंबास वर येण्यास पसरट, संथ पाणी हवे.

शौचालयाचे पाणी या टाकीत कदापि सोडू नये. तसेच टाकी निदान महिन्यातून एकदा, शक्य तर पंधरवड्याने, रिकामी करावी. भरलेला ट्रॅप आणि नसलेला ट्रॅप यांत काहीच अंतर नाही.

हा हिशेब केवळ नळाचा नव्हे. तुंबलेल्या गटारात विषारी वायू साठतो, आणि ते मोकळे करण्यास अखेर कोणी तरी माणूसच खाली उतरविला जातो. संरक्षक साधनांवाचून माणसास असे उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे; तरीही गटारांतील मृत्यू थांबलेले नाहीत. मोरीपाशी चार आकड्यांचा गुणाकार नीट केला, तर कदाचित एखाद्या घरचा कर्ता पुरुष संध्याकाळी सुखरूप घरी परतेल.