हिरव्या पट्ट्यांचा व्हरांडा

वरोऱ्याच्या आनंदवनात सकाळचे आठ वाजतायत. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंज्यांवर म्हातारी माणसं ओळीनं बसली आहेत. ज्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्याच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा. सिस्टर दर थोड्या वेळानं येते, बाहुली मोठी करणारे थेंब टाकते, पुढे सरकते.

"डोरा बाहेर काढून ठेवतेत का जी?" सिंदेवाहीकडची एक आजी विचारते.

"नाही मायबाई, डोळा जागच्या जागीच राहते. आतलं भिंग तेवढं बदलतेत."

आजीचा विश्वास बसत नाही. ती शेजारणीचा हात धरून ठेवते.

आरमोरीकडच्या एका शेतकऱ्याला मात्र रांगेतून उठवलंय. धान कापताना कुसळ लागलं, जखम चिघळली आणि बुबुळावर फूल पडलं. त्याच्या लेखी आंधळेपण एकच, मोतीबिंदू काय अन् फूल काय. इथे बसवतात ते भिंग बाहुलीच्या मागे जातं. पुढची काचच पांढरी झाली तर त्याचा उपयोग नाही. त्याला बुबुळरोपणासाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते. तो ती घडी करून टोपीत ठेवतो. जाईल का, कोण जाणे.

आत मुंबईचं पथक कामाला लागलंय. डॉ. तात्याराव लहाने आणि डॉ. रागिणी पारेख जे.जे. रुग्णालयातून वर्षानुवर्षं इथल्या शिबिरांना येत राहिले. लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे, 1957 चा जन्म. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा, 1995 मध्ये, आई अंजनाबाईंनी आपलं एक दिलं. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांच्या शस्त्रक्रियांचा आकडा लाखापलीकडे गेला. 2008 मध्ये पद्मश्री, पुढे जे.जे.चं अधिष्ठातापद. लोक लाखाच्या आकड्यावर थांबतात. मला त्याहून मोठी वाटते ती या व्हरांड्यातली दुसरी रांग.

ती रांग कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची. बाबा आमटेंनी 1949 मध्ये आनंदवन उभं केलं ते यांच्यासाठी. आजार गेला, पण चेहऱ्याची नस मेल्यानं पापणी मिटत नाही. बुबुळाला संवेदना नाही, त्यामुळे कचरा गेलेला कळत नाही. जुन्या दाहानं बाहुली आखडलेली, ती थेंबांनीही पुरती फुलत नाही. अशा डोळ्याच्या शस्त्रक्रियेला वेळ लागतो, हात जपून चालवावा लागतो. रोगी बरा झाला तरी त्याला हात लावायला कचरणारे डॉक्टर या देशात कमी नव्हते. सरकारी पगारावरचा नामांकित सर्जन या माणसांसाठी मुंबईहून यायचा, हे मला पद्मश्रीपेक्षा जास्त सांगून जातं.

पूर्वी शिबिरं शाळेच्या वर्गात टेबलं जोडूनही व्हायची. जंतुसंसर्गानं डोळे गेले, तेव्हा नियम आले: शस्त्रक्रिया पक्क्या ऑपरेशन थिएटरमध्येच. बरंच झालं. पण त्यामुळे भामरागड-एटापल्लीच्या म्हाताऱ्याला थिएटर आणखी लांब पडलं. त्याला गाडीत बसवून आणणारी आशाताई नसेल, तर आतल्या कसबी हाताचा उपयोग नाही.

दुपारपर्यंत व्हरांडा डोळ्यांवरच्या हिरव्या पट्ट्यांनी भरतो. बोटं झडलेल्या एका आजोबांना सिस्टर थेंबांची बाटली दाखवते. ती त्यांना दाबता येणार नाही. शेजारच्या खोलीतली बाई म्हणते, "मी टाकीन."

पथक मुंबईला परतेल, थेंब मात्र महिनाभर किंवा त्याहून जास्त टाकावे लागतात. तुमच्या गल्लीत असं कुणी ऑपरेशन करून आलं असेल, तर साबणानं हात धुवा आणि ते थेंब वेळेवर टाका.